‘स्टिरॉइडची ॲलर्जी’ आणि अडकलेल्या लसी: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ३९ वर्षांची महिला. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. बोटांच्या सांध्यांची सूज तेवढ्याने आटोक्यात येईना, म्हणून जैविक औषधाचे इंजेक्शन सुरू करायचे ठरले. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, कोविड आणि धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर या लसी आधी घेणे किंवा निदान सुरू करणे गरजेचे होते. लसीकरणाच्या टेबलावर मात्र फाइलचे पहिले पान पाहूनच तिला दोनदा परत पाठवले गेले. पानावर लाल शाईत लिहिले होते: पेनिसिलिन, वेदनाशामक गोळ्या, स्टिरॉइड इंजेक्शन, अंडे, निओमायसिन मलम. खाली शेरा, ‘अनेक औषधांची ॲलर्जी, लस देऊ नये’.

हे प्रकरण एका खऱ्या व्यक्तीचे नाही. ॲलर्जीच्या तपासणीत वारंवार दिसणारे दुवे एकत्र करून, शिकण्या-शिकवण्यासाठी ते रचले आहे. औषधांचे घटक, मात्रा आणि चाचण्यांच्या पद्धती मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

असा शेरा मारणाऱ्याचा हेतू रुग्णाला जपण्याचा असतो, पण परिणाम उलटा होतो. जिला न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा जास्त, तीच लसीविना राहते. लसीमुळे होणारा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अंगभराची तातडीची ॲलर्जी, किती दुर्मीळ आहे हेही इथे सांगायला हवे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सर्व लसी मिळून तो १० लाख डोसांमागे साधारण १.३ वेळा आढळला. ॲलर्जीमुळे लस टाळण्याचे ठोस कारण एकच: त्याच लसीच्या आधीच्या डोसाने, किंवा त्या लसीतल्या एखाद्या घटकाने, पूर्वी तीव्र तातडीची प्रतिक्रिया आलेली असणे. ‘औषधांची ॲलर्जी आहे’ एवढे कारण पुरत नाही. कोणत्या औषधाची, आणि त्यातल्या नेमक्या कशाची, हे शोधावे लागते.

पाच नोंदींची उलटतपासणी

प्रत्येक नोंदीला तेच प्रश्न विचारले. काय घेतले होते, गोळी, सिरप की इंजेक्शन? घेतल्यावर किती मिनिटांनी त्रास झाला? अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, उलट्या झाल्या, की नुसते पुरळ? काय उपचार लागला? आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्यानंतर तेच औषध पुन्हा कधी पोटात गेले का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

पेनिसिलिन: वयाच्या सहाव्या वर्षी ताप आणि घसादुखीसाठी अमॉक्सिसिलिनचे, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातल्या औषधाचे, सिरप सुरू होते. पाचव्या दिवशी पाठीवर सपाट लालसर पुरळ आले, खाज नव्हती, आठवड्यात गेले. अशा पुरळामागे बऱ्याचदा तो विषाणूजन्य तापच असतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्यांची रीतसर चाचणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ते औषध चालते. आणि लसीपुरते बोलायचे तर हा वादच गैरलागू आहे, कारण वापरातल्या कोणत्याही लसीत पेनिसिलिन नसते.

अंडे: लहानपणी अंडे खाल्ल्यावर तोंडाभोवती गांधी उठत. आता ती उकडलेले अंडे त्रासाशिवाय खाते, म्हणजे ॲलर्जी मागेच संपलेली. समजा राहिली असती, तरी अंड्यात वाढवलेल्या फ्लूच्या लसीच्या ०.५ मिलि डोसात अंड्यातले प्रथिन १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. तेवढ्यावरून ही लस आता अडवत नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला लसीलाही अंड्याची ॲलर्जी आड येत नाही. पीतज्वराची लस याला अपवाद. तिच्यात अंड्याचे प्रथिन जास्त असू शकते, तिथे तज्ज्ञाकडे जावे.

निओमायसिन मलम: जखमेवर लावल्यावर दोन दिवसांनी कातडी लाल झाली, बारीक फोड आले, खाज सुटली. ही कातडीची उशिरा येणारी ॲलर्जी आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या एका डोसात सुमारे २५ मायक्रोग्रॅम निओमायसिन असते. मलमाने असा त्रास झालेल्यांना लसीनंतर फार तर टोचल्या जागी एखादी खाजरी गाठ येते, तीही काही दिवसांत जाते. थायोमर्सल या काही लसींतल्या टिकाऊ घटकाच्या कातडीवरच्या ॲलर्जीलाही हाच नियम लागू.

इथवर तीन नोंदी लसीपुरत्या निकालात निघाल्या. उरलेल्या दोन मात्र सरळ नव्हत्या.

वेदनाशामक: एका कंपनीची लेपित डायक्लोफेनॅक गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात मान आणि पोटावर गांधी उठल्या. पण डायक्लोफेनॅकच दुसऱ्या कंपनीचे, साध्या गोळीच्या रूपात, तिने नंतर अनेकदा घेतले होते आणि काहीही झाले नव्हते. औषध तेच, मग फरक कशात? गोळीवरच्या लेपात, म्हणजे औषधाला आकार देणाऱ्या, टिकवणाऱ्या, गिळायला सोपे करणाऱ्या त्या साहाय्यक घटकांत, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही.

स्टिरॉइड इंजेक्शन: वयाच्या ३३व्या वर्षी गुडघ्यात मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट ४० मिग्रॅ टोचले. सहा-सात मिनिटांत तळहात आणि तळपाय जळल्यासारखे खाजू लागले, अंगभर गांधी, मग डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब खाली. ॲड्रेनॅलिन द्यावे लागले. हा खरा ॲनाफिलॅक्सिस. फाइलवर ‘स्टिरॉइडची ॲलर्जी’ असे लिहिले आणि विषय तिथेच थांबला. पण संधिवात बळावला तेव्हा तिने मेथिलप्रेडनिसोलोनच्याच गोळ्या महिनाभर घेतल्या होत्या, हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून घेतले होते, आणि त्रास शून्य. खरी ॲलर्जी स्टिरॉइडची असती तर हे जमले नसते.

फाइलवर नसलेली सहावी नोंद

मग एक जादा प्रश्न विचारला: औषध म्हणून न घेतलेल्या कशाने कधी अचानक गांधी उठल्या का, तपासणीच्या तयारीत, सौंदर्यप्रसाधनाने, कसल्याशा पावडरीने? ती लगेच म्हणाली, आतड्याच्या दुर्बीण तपासणीआधी पोट साफ करायची पावडर पाण्यातून प्यायले होते, पहिला पेला संपायच्या आतच चेहरा लाल झाला, घसा आवळला. त्या दिवशी ‘घाबरल्यामुळे’ असे समजून तपासणी पुढे ढकलली गेली. नोंद कुठेच नाही.

ती पावडर मॅक्रोगोलची होती. मॅक्रोगोल म्हणजेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पीईजी. गुडघ्यात टोचलेल्या मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेटमध्ये औषधाचे कण द्रवात तरंगत राहावेत म्हणून पीईजी ३३५० घातलेले असते, ४० मिग्रॅच्या कुपीत दर मिलिला सुमारे २९ मिग्रॅ. अनेक गोळ्यांच्या लेपातही पीईजी असते. त्याच स्टिरॉइडच्या शिरेतून द्यायच्या सोडियम सक्सिनेट रूपात ते नसते. म्हणजे इंजेक्शन, पावडर आणि लेपित गोळी या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच घटक बसत होता.

पीईजीची ॲलर्जी फार थोड्यांना असते, पण ती वर्षानुवर्षे निसटत राहते याचे कारण हेच: रुग्ण दरवेळी वेगळ्या औषधाचे नाव सांगतो. ‘एका कंपनीचे चालते, दुसऱ्याचे नाही’ किंवा ‘एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार औषधांची मला ॲलर्जी आहे’ असे कानावर पडले की आधी साहाय्यक घटकांची यादी काढावी.

लसीत हे किती असते

कोविडच्या एमआरएनए लसींमध्ये चरबीच्या सूक्ष्म कणांना बांधून ठेवणारा पीईजी २००० जोडलेला घटक असतो. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये फायझरची लस द्यायला सुरुवात झाली, पहिल्याच दिवशी दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना तीव्र प्रतिक्रिया आली आणि पीईजीवर संशय घेतला गेला. मात्रा मात्र नजरेसमोर ठेवावी. जुलाबाच्या पावडरीच्या रोजच्या एका डोसात १७ ग्रॅम, गुडघ्यातल्या इंजेक्शनात सुमारे २९ मिग्रॅ, आणि फायझरच्या ३० मायक्रोग्रॅमच्या डोसात पीईजी जोडलेला घटक साधारण ०.०५ मिग्रॅ. शिवाय रेणूही लहान. रेणूचे वजन आणि मात्रा जितकी जास्त तितकी प्रतिक्रियेची शक्यता जास्त, म्हणून पीईजीची ॲलर्जी सिद्ध झालेल्या अनेकांना नंतर देखरेखीखाली एमआरएनए लस सुखरूप देता आली. म्हणजे तीही सरसकट बंद नाही. मात्र ती तज्ज्ञाच्या हाताखाली द्यावी, शिबिरात नाही.

दुसरे नाव पॉलिसॉर्बेट ८०, ज्याला ट्वीन ८० असेही म्हणतात. रचनेत ते पीईजीचे नातलग, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचा त्रास होऊ शकतो, पण बहुतेकांना होत नाही. ते कितीतरी लसींत असते: न्यूमोकोकलच्या १३ प्रकारांच्या संयुग्मित लसीत ०.१ मिग्रॅ, एचपीव्हीच्या नऊ प्रकारांच्या लसीत ०.०५ मिग्रॅ, फ्लूच्या बऱ्याच लसींत, आणि कोविडच्या प्रथिन-आधारित लसीत.

खोक्यातल्या माहितीपत्रकात ‘साहाय्यक घटक’ हा भाग वाचायचा तो नेमक्या त्या कंपनीच्या लसीचा. एकाच रोगाची लस दोन कंपन्यांची असेल तर घटक वेगळे निघतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या काही लसींत जिलेटिन असते, काहींत नसते. जिलेटिनची खरी ॲलर्जी असलेल्याला यातूनच वाट मिळते. नावे बदलून येतात: मॅक्रोगोल, पीईजी आणि ई१५२१ हे एकच, पॉलिसॉर्बेट ८० आणि ई४३३ हे एकच. कुपीच्या बुचात किंवा सिरिंजच्या टोपीत नैसर्गिक रबर आहे का हेही तिथेच कळते, लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्याला ते हवे असते.

त्वचा चाचणी

चाचणीआधी सात दिवस सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवल्या. त्या चालू असतील तर चाचणी खोटी ‘नाही’ देते. दम्याचा त्रास चालू असेल तर चाचणी पुढे ढकलतात. हिला दमा नव्हता.

हाताच्या पुढच्या भागावर पेनने खुणा करून प्रत्येक थेंबाखाली सुईने हलकेच टोचले, रक्त येणार नाही इतके. एका टोकाला सलाइन, दुसऱ्या टोकाला १० मिग्रॅ/मिलि हिस्टॅमिन. सलाइनने काही उठता कामा नये, हिस्टॅमिनने उठलेच पाहिजे, नाहीतर सगळी चाचणी बाद. पंधरा मिनिटांनी फुगवटा मोजला. सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा जास्त असेल तर ‘आहे’.

पीईजी ३३५० एकदम पूर्ण ताकदीने लावत नाहीत. या चाचणीनेच अंगभर प्रतिक्रिया आलेल्या घटना माहीत आहेत. १.७ मिग्रॅ/मिलिने सुरुवात केली, काही नाही. १७ मिग्रॅ/मिलिवर २ मिमी, अनिर्णित. १७० मिग्रॅ/मिलिवर ७ मिमीचा फुगवटा, भोवती लाली, आणि वीस मिनिटांनी मानेवर चार-पाच गांधी. तिथेच थांबलो. सेटिरिझिन १० मिग्रॅ दिले आणि दोन तास बसवून ठेवले. वाढले काही नाही. कातडीत सुई देऊन करायची पुढची चाचणी अर्थातच केली नाही.

उरलेले सात दिवसांनी, सेटिरिझिनचा परिणाम ओसरल्यावर. मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेटवर ५ मिमी, त्याच्याच सोडियम सक्सिनेट रूपावर शून्य, पॉलिसॉर्बेट ८० असलेल्या ट्रायमसिनोलोनवर शून्य. ‘स्टिरॉइडची ॲलर्जी’ ही नोंद इथे खोटी ठरली आणि तिच्या जागी खरे नाव आले. चाचणी ‘नाही’ आली म्हणून पीईजीची ॲलर्जी नाहीच असे मात्र धरू नये. घटनांचा इतिहास पक्का असेल तर इतिहासाला जास्त वजन.

लसींचा क्रम

एरवी एका दिवशी तीन-चार लसी दिल्या तरी चालतात. इथे एका भेटीत एकच दिली, म्हणजे काही झालेच तर कशाने झाले हे कळेल. आधी दोन्ही घटक नसलेल्या लसी: धनुर्वात-घटसर्प, मग हिपॅटायटिस बीचा पहिला डोस. पुढचे डोस एक आणि सहा महिन्यांनी. ही जिवंत लस नसल्यामुळे जैविक औषध चालू झाल्यावरही मालिका पुरी करता येते. जिवंत लस लागणार असती तर ती जैविक औषधाच्या निदान चार आठवडे आधी उरकावी लागली असती. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस नोंदलेले होते आणि कांजिण्या लहानपणी येऊन गेल्या होत्या, म्हणून तो प्रश्न आला नाही.

त्यानंतर पॉलिसॉर्बेट ८० असलेल्या लसी: न्यूमोकोकल, फ्लू, आणि कोविडची प्रथिन-आधारित लस. त्वचा चाचणी कोरी असल्याने पूर्ण ०.५ मिलि एकदम, दंडाच्या स्नायूत. नेहमीची देखरेख १५ मिनिटांची, हिची ३० मिनिटांची. फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवले, कारण त्याने लसीचा जोर कमी होतो. सांधे तेवढे सोसतील का हे संधिवाततज्ज्ञाने ठरवले.

एखाद्या लसीची त्वचा चाचणी ‘आहे’ आली आणि तरी ती लस अटळ असेल, तर ती टप्प्याटप्प्याने देतात: आधी दहापट पातळ केलेली ०.०५ मिलि, मग पूर्ण ताकदीची ०.०५, ०.१, ०.१५ आणि ०.२ मिलि, दर १५ मिनिटांनी. प्रत्येक टप्प्याआधी रुग्णाला पाहून, हातात ॲड्रेनॅलिन तयार ठेवून. हिला ते लागले नाही.

आधीच ॲलर्जीची गोळी देऊन मग लस टोचणे ही पद्धत बरीच दिसते. तिने ॲनाफिलॅक्सिस टळत नाही, फक्त सुरुवातीची खाज आणि गांधी झाकल्या जातात, आणि ओळख उशिरा पटते. आम्ही या पद्धतीच्या विरोधात आहोत.

सहाव्या मिनिटाला

न्यूमोकोकल लस टोचल्यावर सहा मिनिटांनी ती म्हणाली, ‘गरगरतंय, घशात काहीतरी होतंय.’ फाइलवर सातवी नोंद पडण्याची ही पुरेपूर संधी होती.

लगेच आडवे केले, पाय उंच. नाडी मिनिटाला ५२, रक्तदाब ८६/५४, ऑक्सिजन ९८ टक्के. कातडी फिकट, थंड, घामेजलेली. कपडे सैल करून पोट, पाठ, काखा बघितल्या, एकही गांधी नाही. ओठ-जीभ सुजलेली नाही, छातीत शिट्टी नाही, आवाज स्वच्छ. चार मिनिटांत रक्तदाब ११०/७०, चेहऱ्यावर रंग आला.

ही भोवळ होती. ॲनाफिलॅक्सिसमध्ये बहुधा नाडी धावते, अंग लाल आणि खाजरे असते, आडवे केले म्हणून चार मिनिटांत सगळे निवळत नाही. भोवळीत नाडी मंदावते, माणूस पांढरा पडतो आणि आडवा होताच सावरतो. खात्रीसाठी एका तासाने ट्रिप्टेजसाठी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढणाऱ्या एका विकरासाठी, रक्त घेतले: ४.६ नॅनोग्रॅम/मिलि. दोन दिवसांनी, काही त्रास नसताना, ४.२. हिशोब असा: नेहमीच्या पातळीची १.२ पट अधिक २. म्हणजे ४.२ × १.२ + २ = ७.०४. घटनेच्या वेळचा आकडा याच्या वर गेला तरच तो ॲनाफिलॅक्सिसच्या बाजूने बोलतो. पुढच्या लसी तिला आडवे झोपवूनच टोचल्या, आणि काहीही झाले नाही.

उलट झाले असते, श्वास घरघरला असता, गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या असत्या, किंवा नुसती शंका मिटत नसती, तर वाट न बघता ॲड्रेनॅलिन. १ मिग्रॅ/मिलि ताकदीचे, दर किलो वजनाला ०.०१ मिग्रॅ, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनसुद्धा. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. सोबत ऑक्सिजन, आणि रक्तदाब पडलेला असेल तर शिरेतून सलाइन वेगाने.

चुका ठरलेल्या असतात. हायड्रोकॉर्टिसोन आणि क्लोरफेनिरामिन आधी आणि ॲड्रेनॅलिन ‘वेळ आलीच तर’ हा उलटा क्रम सगळ्यांत घातक, कारण त्या दोघांनी बसलेला रक्तदाब उठत नाही. दुसरी चूक, दंडाच्या कातडीखाली टोचणे, तिथून औषध हळू शोषले जाते. तिसरी, रुग्णाला उठवून चालत दुसऱ्या खोलीत नेणे. रक्तदाब पडलेल्या माणसाला अचानक उभे केल्याने मृत्यू झाले आहेत. धाप जास्त असेल तर टेकून बसवावे, पाय लांब ठेवून, पण उभे करू नये. बीटा-ब्लॉकर ही रक्तदाब-हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांवर ॲड्रेनॅलिन कमी चालते. त्यांच्यासाठी ग्लुकॅगॉन हाताशी लागते, मोठ्यांना १ ते ५ मिग्रॅ शिरेतून पाच मिनिटांत.

फाइलचे नवे पहिले पान

जुने पान काढून टाकले. नव्या पानावर आणि तिच्या पाकिटातल्या कार्डावर लिहिले: ‘पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मॅक्रोगोलची तातडीची ॲलर्जी, त्वचा चाचणीने सिद्ध. टाळावे: मॅक्रोगोलची जुलाबाची पावडर, मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट इंजेक्शन, लेपात मॅक्रोगोल असलेल्या गोळ्या. चालते: मेथिलप्रेडनिसोलोन सोडियम सक्सिनेट, हायड्रोकॉर्टिसोन, पॉलिसॉर्बेट ८० असलेल्या लसी. एमआरएनए लस फक्त ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीत.’ ‘चालते’ हा रकाना आवर्जून ठेवला. तातडीच्या प्रसंगी समोरच्या डॉक्टरला काय देता येईल हे आधी हवे असते. अंडे आणि निओमायसिन लसीच्या यादीतून गेले. निओमायसिन मलम मात्र कातडीवर लावू नये, असे वेगळे लिहिले. पेनिसिलिनची तोंडी चाचणी पुढच्या भेटीसाठी ठरवली. दोन ॲड्रेनॅलिन पेन जवळ ठेवायला सांगितले आणि सरावाच्या पेनवर मांडीत कसे टोचायचे हे तिच्याकडून आणि नवऱ्याकडून करून घेतले.

याच पानाने जैविक औषधाची निवडही बदलली. आधी ठरलेले सर्टोलिझुमॅब पेगोल हे मुळातच पीईजी जोडलेले औषध. ते रद्द केले. अडालिमुमॅबमध्ये पॉलिसॉर्बेट ८० आहे, जे तिला चालते हे लसींनी दाखवून दिले होते, म्हणून ते निवडले. पहिले इंजेक्शन दवाखान्यात, ३० मिनिटांच्या देखरेखीत, आडवे झोपवून.